बदनाम बागेवर गर्दीचा उतारा

मुंबईच्या फोर्ट भागात एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर जुन्या झाडांनी भरलेली एक गोल बाग दिसते. ही हॉर्निमन सर्कलची बाग. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ऐन मध्यात, शहराच्या मुख्य ग्रंथालयाच्या पाठीला पाठ लावून, तशीच एक बाग आहे: ब्रायंट पार्क. दोघींचं साम्य गमतीचं आहे. दोन्ही ग्रंथालयाच्या सावलीत, दोन्ही बँका आणि कचेऱ्यांच्या गराड्यात, आणि दोघींना नावं मिळाली ती वर्तमानपत्राच्या संपादकांची. विल्यम कलन ब्रायंट कवी होते, पण त्यांची हयात गेली ‘न्यूयॉर्क इव्हिनिंग पोस्ट’च्या संपादकीत. बेंजामिन हॉर्निमन ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक. जात इंग्रजांची, पण रौलट कायद्याविरुद्ध आणि पंजाबातल्या दडपशाहीविरुद्ध लेखणी चालवली म्हणून १९१९ मध्ये त्यांना सरकारनं हद्दपार केलं.

आणखी एक साम्य आहे, आणि या लेखाला तेच महत्त्वाचं. दोन्ही जागा एके काळी बदनाम होत्या.

फोर्टातली जागा पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणून ओळखली जायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे शहराचा कचरा येऊन पडत असे. तिथे गोल बाग आणि भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती उभ्या करण्याची कल्पना निघाली ती चक्क पोलिसांच्या डोक्यातून. मुंबईचे तेव्हाचे पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट यांची ती योजना. १८५७ मध्ये मुंबईतली बंडाची चाहूल निर्दयपणे चिरडणारे हेच गृहस्थ. तेव्हा त्यांना कुणी मवाळ म्हणणार नाही. पण घाणेरड्या, ओसाड जागेवर त्यांनी सुचवला तो उपाय चौकीचा नव्हता, बागेचा होता. १८७२ मध्ये एल्फिन्स्टन सर्कल पुरं झालं, आणि संध्याकाळी बँड ऐकायला तिथे माणसं जमू लागली. हॉर्निमन यांचं नाव त्याला मिळालं ते स्वातंत्र्यानंतर.

आजच्या महापालिकांना मात्र नेमका उलटा उपाय सुचतो. बागेबद्दल तक्रार आली, तिथे गर्दुल्ले बसतात, टवाळ पोरं असतात, जोडपी असतात, की कुंपण उंच होतं, एक सोडून बाकीची फाटकं बंद होतात, बाक उचलले जातात आणि ‘येथे हे करू नये’च्या पाटीवर आणखी चार ओळी चढतात. यातून बाग सुधारते, असा समज आहे. प्रत्यक्षात ती रिकामी होते, आणि रिकामी जागा कुणाला सोयीची असते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शहराच्या मध्यावरची बाग बदनाम होते ती तिथे वाईट माणसं येतात म्हणून नव्हे; बाकीची माणसं येत नाहीत म्हणून. म्हणून तिच्यावर उतारा एकच, गर्दी. ती जमवायची कशी, याचा धडा ब्रायंट पार्कनं पुरेसा स्वच्छ देऊन ठेवला आहे. त्यातला काही भाग गिरवावा असा आहे, काही मुळीच गिरवू नये असा.

१८२३ पासून ब्रायंट पार्कच्या जागी गोरगरिबांचं, बेवारसांचं दफन व्हायचं. पुढे शेजारी पाण्याचा प्रचंड हौद बांधला गेला, १८५३ मध्ये जागतिक प्रदर्शनासाठी काचेचा महाल उभा राहिला आणि पाच वर्षांत जळून गेला. १८८४ मध्ये ब्रायंट यांचं नाव आलं. हौद पाडून तिथे ग्रंथालयाची संगमरवरी इमारत १९११ मध्ये खुली झाली. मग आलं १९३४ साल. रॉबर्ट मोझेस नावाच्या कर्तबगार आणि हट्टी अधिकाऱ्याच्या हाती शहराच्या बागा होत्या. त्यांच्या कारकिर्दीत ही बाग नव्यानं घडवली गेली: रस्त्याच्या पातळीपेक्षा काही फूट उंच चौथरा, भोवती लोखंडी कुंपण, त्याच्या आत दाट झुडपांची भिंत, आणि मोजकीच प्रवेशद्वारं. हेतू चांगला होता. बाहेरच्या गोंगाटापासून दूर, शांत, हिरवं बेट करायचं होतं.

बेट झालंही. फक्त रस्त्यावरून चालणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसेना, आणि आत बसलेल्याला गरज पडली तर बाहेर कसं पडायचं ते कळेना. १९७० च्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली, देखभाल थांबली आणि या आडोशाचा फायदा अमली पदार्थ विकणाऱ्यांनी घेतला. कचेरीत काम करणारी माणसं बागेला वळसा घालून जाऊ लागली. पोलीस धाड घालत, चार जणांना उचलत. दोन दिवसांनी तेच चित्र.

या टप्प्यावर विल्यम व्हाइट नावाच्या माणसाला तिथे बोलावण्यात आलं. व्हाइट मूळचे पत्रकार. शहरातले चौक, पायऱ्या, कट्टे यांच्याकडे कॅमेरे रोखून माणसं कुठे बसतात, किती वेळ बसतात, कुठून उठून जातात, हे ते वर्षानुवर्षं टिपत होते. त्यांच्या पाहणीतला सर्वांत गाजलेला निष्कर्ष ऐकून हसू येईल: जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. पण हे साधं वाक्य किती वास्तुरचनाकारांना ठाऊक नव्हतं, हे त्यांनी चित्रफितीतून दाखवून दिलं. ब्रायंट पार्कबद्दल त्यांचं निदान तेवढंच सरळ होतं. माल विकणारे हा रोग नाही, ते लक्षण आहे. रोग आहे कमी वापर, आणि तो कमी वापर बागेच्या बांधणीतच आहे. झुडपं काढा, कुंपणाची अडचण कमी करा, प्रवेश रुंद आणि जास्त करा, आतलं बाहेरून दिसू द्या, खायला काहीतरी ठेवा.

१९८० मध्ये बागेसाठी स्वतंत्र संस्था निघाली. डॅन बीडरमन आणि ग्रंथालयाशी जोडलेले अँड्र्यू हाइस्केल यांनी ती उभी केली. १९८८ मध्ये बाग बंद झाली आणि १९९२ मध्ये पुन्हा उघडली. मधल्या काळात हिरवळीच्या खाली जमिनीत ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी तळघर खोदलं गेलं, आणि वर व्हाइट यांचं म्हणणं बरंचसं उतरलं.

नव्या बागेची खूण ठरल्या त्या खुर्च्या. हिरव्या, हलक्या, घडीच्या, साखळीनं न बांधलेल्या. ‘चोरीला जातील’ ही पहिली शंका तिथेही निघाली होती. आपल्याकडे तर ती बैठकीच्या इतिवृत्तातच नोंदली गेली असती. काही गेल्याही असतील, पण बाग त्यांच्यावाचून रिकामी झाली नाही. आज तिथे अशा हजारो खुर्च्या आहेत. सिमेंटचा बाक माणसाला सांगतो, इथे बस, या दिशेला तोंड कर, शेजारी कोण येईल ते येईल. खुर्ची त्याला ठरवू देते. व्हाइट यांनी टिपलेली एक मजा अशी की माणूस बसण्यापूर्वी खुर्ची इंचभर का होईना सरकवतोच, ऊन-सावली तीच असली तरी. ती सरकवली की जागा त्याची होते. शिवाय बाईला नको असलेल्या शेजाऱ्यापासून न भांडता चार हात लांब जाता येतं.

दुसरी खूण, स्वच्छतागृह. बागेतली ती छोटी जुनी इमारत अनेक वर्षं बंद होती. ती दुरुस्त झाली, तिथे कायमचा सेवक नेमला गेला आणि आत ताजी फुलं ठेवण्याची पद्धत पडली. आपल्याकडे सार्वजनिक मुतारीत फुलदाणी ही विनोदी लेखाची कल्पना वाटेल. पण मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या बायकांनी जे सांगितलं ते हेच होतं: जिथे जाण्याजोगं स्वच्छतागृह नाही, तिथे बाई तासाभरापेक्षा जास्त थांबणार नाही. मग ती बाग कितीही सुंदर असो.

बाग ठीक चालली आहे की नाही हे ओळखायची ब्रायंट पार्कवाल्यांची रीतही नोंद घेण्यासारखी आहे. ते माणसं मोजतात, आणि पुरुष-बायका वेगळे मोजतात. बायकांचं प्रमाण निम्म्याच्या खाली घसरू लागलं की काहीतरी बिघडलं आहे, असं समजायचं. व्हाइट यांनीच हा ठोकताळा रुजवला: बायका बसायची जागा अधिक पारखून निवडतात, म्हणून त्या निघून गेल्या तर तो पहिला इशारा.

ही मोजणी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराच्या मध्यवर्ती बागेत दोनदा करून पाहावी, सकाळी सहाला आणि दुपारी तीनला. सकाळी बायका भरपूर दिसतील, पायात बूट, वेगानं फेऱ्या मारताना. दुपारी बाकावर एकटी, काहीही न करता बसलेली बाई शोधावी लागेल. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून २०११ मध्ये लिहिलेल्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकानं याचं कारण उलगडलं आहे. बाईला सार्वजनिक जागेत वावरायचं तर काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. बागेतला जॉगिंग ट्रॅक हे असं मान्यताप्राप्त काम आहे. नुसतं बसणं नाही. गेल्या काही वर्षांत प्रत्येक बागेत आधी ट्रॅक आणि मग व्यायामाची रंगीत यंत्रं आली. त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही, पण त्यांनी बागेला आरोग्यकेंद्र बनवलं. निवांत बसायची सोय वाढवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. व्हिएन्नात १९९० च्या दशकातल्या पाहणीत आढळलं की साधारण वयाच्या नऊ वर्षांनंतर मुली बागेत यायच्या बंद होतात, मुलगे येत राहतात. महापालिकेनं १९९९ मध्ये दोन बागांची मांडणी बदलून पाहिली, जास्त वाटा, खेळांच्या वेगळ्या जागा, मुली परतल्या. सवय मुलींची नव्हती, मांडणीची होती.

न्यूयॉर्क-व्हिएन्ना लांब राहिलं, असं कुणी म्हणेल. मग दादरला जावं. शिवाजी पार्क १९२५ मध्ये माहीम पार्क या नावानं खुलं झालं, आणि अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे दोन वर्षांनी त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाला भोवती काय आहे? गुडघ्याएवढ्या उंचीचा, बसता येईल इतका रुंद कट्टा. तो हद्द दाखवतो आणि बसायलाही देतो. रस्त्यावरून आतला प्रत्येक चेंडू दिसतो, आतून रस्त्यावरचा प्रत्येक माणूस. आजोबा, कॉलेजची पोरंपोरी, क्रिकेटचा सराव संपवून आलेली मुलं, त्यांची वाट पाहणाऱ्या आया, सगळे त्या कट्ट्यावर उशिरापर्यंत बसलेले असतात आणि नकळत एकमेकांवर लक्ष ठेवतात. व्हाइट यांनी कॅमेरे लावून जे सिद्ध केलं ते दादरकरांना न शिकवता येतं. तरीही नव्या बागेचा आराखडा आला की त्यात हा कट्टा नसतो. भाल्यांसारखी टोकं असलेलं सहा-आठ फुटी ग्रिल असतं, आणि उद्घाटनाच्या पाटीवर त्या ग्रिलच्या खर्चाला ‘सुशोभीकरण’ म्हटलेलं असतं.

कुलपांचंही तेच. पुण्यात महापालिकेच्या अनेक बागा सकाळी आणि संध्याकाळी काही तास उघड्या, दुपारी बंद. मुंबईतही वर्षानुवर्षं दुपारी टाळं लागायचं. अलीकडे महापालिकेनं ती दुपारची सुट्टी मोडीत काढून वेळ वाढवली, हे चांगलं झालं. दुपारी बाग कुणाला लागते? दोन घरच्या कामांमध्ये तासभर मोकळा मिळालेल्या मोलकरणीला, ऑर्डरची वाट पाहणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलाला, अभ्यासिकेत दम कोंडलेल्या एमपीएससीच्या विद्यार्थ्याला, मुलाची शाळा सुटेपर्यंत परत घरी जाणं न परवडणाऱ्या आईला. ज्यांच्याकडे गॅलरी आणि गच्ची आहे त्यांना सकाळ-संध्याकाळची बाग पुरते. शहरी नियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत माणशी दहा-बारा चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. मुंबईत माणशी दोन चौरस मीटरही मिळत नाही. जी आहे तिलाही इतकी वर्षं दुपारी कुलूप लावलं, हा हिशेब समजण्यापलीकडचा आहे.

खाण्याच्या गाड्यांबद्दल अधिकाऱ्यांना विशेष राग असतो. सारसबागेबाहेरच्या चौपाटीवर भेळ खायला आलेली कुटुंबं आणि तळ्यातल्या गणपतीला आलेली कुटुंबं ही बहुतेक एकच असतात, हे पुण्यातल्या कुणालाही माहीत आहे. दिवाळीच्या पहाटे तर ही बाग इतकी फुलते की आत पाय ठेवायला जागा नसते. व्हाइट यांनीही फिरते विक्रेते हे चौकाचं आरोग्य समजावं, असंच मांडलं होतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं महापालिकांना जागा नेमून द्यायचा अधिकार दिला आहे. बागेच्या प्रत्येक फाटकाजवळ चार परवानाधारक गाड्या, शेजारी कचऱ्याचे डबे आणि पाण्याचा नळ, एवढं केलं तर संध्याकाळी फाटकावर दिवे आणि माणसं दोन्ही राहतील. सुरक्षारक्षकापेक्षा भेळवाल्याला येणारेजाणारे अधिक ओळखू येतात.

कार्यक्रमांना तर पैसेही फारसे लागत नाहीत. जगभर पसरलेला हास्यक्लब १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन सुरू केला. ना मंडप, ना निविदा. बंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये अलीकडे शनिवारी लोक सतरंज्या घेऊन जमतात आणि न बोलता पुस्तकं वाचतात. मुंबई-पुण्यातही असे वाचनकट्टे सुरू झाले आहेत. अशा मंडळींना बागेत बसायला अर्ज-विनंत्या कराव्या लागू नयेत, इतकीच महापालिकेकडून अपेक्षा.

इथवर ब्रायंट पार्कचं कौतुक झालं. आता त्यातला न गिरवायचा भाग. ही बाग शहराच्या तिजोरीवर चालत नाही. भोवतालच्या मालमत्ताधारकांकडून घेतलेली जादा पट्टी, उपाहारगृहांचं भाडं आणि प्रायोजक यांवर ती चालते. प्रायोजकांना बदल्यात जागा हवी असते. १९९३ पासून २०१० पर्यंत न्यूयॉर्कचा फॅशन वीक दरवर्षी तिथे तंबू ठोकून बसायचा आणि तितके दिवस हिरवळ सामान्यांसाठी नाहीशी व्हायची. ही बाग नीटनेटकी झाली पण तिचा खरा मालक कोण, असा प्रश्न तिथल्या अभ्यासकांनी सतत विचारला आहे. बेघर माणूस त्या सुंदर खुर्चीवर किती वेळ बसू शकतो, हाही त्यातलाच प्रश्न.

मुंबईला हा अनुभव नवा नाही. मोकळ्या जागा ‘दत्तक’ द्यायच्या धोरणात काही भूखंडांवर सभासदांपुरते क्लब उभे राहिले. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेनं पुन्हा तसंच धोरण मंजूर केलं, तेव्हा नागरिकांनी आवाज उठवला आणि मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. ओव्हल मैदानाचं उदाहरण मधलं आहे. घाण आणि गर्दुल्ल्यांच्या ताब्यात गेलेल्या त्या मैदानासाठी १९९० च्या दशकात भोवतालच्या रहिवाशांच्या संघटनेनं न्यायालयाचं दार ठोठावलं, मैदान सावरलं, आणि आज शनिवार-रविवारी तिथे एकाच वेळी डझनभर क्रिकेटचे सामने चाललेले दिसतात. पण अशी सधन, संघटित वस्ती प्रत्येक बागेच्या नशिबी नसते. भायखळ्यातल्या किंवा नागपूरच्या जुन्या वस्तीतल्या बागेसाठी कुणी वकील देणार नाही. तिथे महापालिकेलाच उभं राहावं लागेल, स्वतःच्या पैशानं.

आणि हा पैसा कारंज्यांवर आणि सेल्फी पॉइंटवर नको, माणसांवर हवा. दिवसभर हजर राहणारा माळी, स्वच्छतागृहाचा पगारी सेवक, आणि हाकलण्याऐवजी सांभाळून घेण्याचं प्रशिक्षण मिळालेला पहारेकरी. बसलेल्या जोडप्याला दमदाटी करणं हे त्याचं काम नाही. ती दोघं बागेची गिऱ्हाइकं आहेत, आणि रिकाम्या बागेपेक्षा दोन माणसांची बाग केव्हाही बरी. दुपारी झाडाखाली झोपलेल्या हमालाचंही तसंच. त्याला उठवलं तर बागेची अब्रू वाढत नाही. एक डोळा आणि एक साक्षीदार मात्र कमी होतो.

पुढच्या अंदाजपत्रकात शहराच्या मध्यावरची एकच बाग निवडून प्रयोग करायला हरकत नाही. पहाटेपासून रात्री दहापर्यंत सगळी फाटकं उघडी, निम्मं ग्रिल काढून त्या जागी कट्टा, शे-दोनशे मोकळ्या खुर्च्या, चालू स्वच्छतागृह, फाटकाशी गाड्या. सहा महिने दर आठवड्याला मोजणी करायची, पुरुष किती, बायका किती, मुलं किती, आणि आकडे फाटकावरच्या फळ्यावर लिहायचे. खुर्च्या किती चोरीला गेल्या तेही त्याच फळ्यावर लिहावं. मोजणीला मात्र एखादी बाईच पाठवावी, तीही दुपारी तीनला, एकटी.